लहान डब्यात कार्ड बसवताना

जुना छोटा कॉम्प्युटर समोर आला की मुलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "सर, यात ग्राफिक्स कार्ड बसतं का?" आणि लगेच दुसरा, "सगळ्यात पॉवरफुल कुठलं बसेल?" पहिला प्रश्न चांगला आहे. दुसरा मात्र चुकीच्या टोकाकडून सुरू होतो आणि पैसे बहुतेक तिथेच जातात.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. कारण साधं आहे. मंडळाच्या खोलीतल्या मशीनमध्ये कार्ड घालायचं की ते मशीनच भंगारात द्यायचं, हे या वर्षी ठरवायचंय. वर्गणी तुमची आहे. तेव्हा असं काही ठरवताना कशाकडे बघायचं, हे सेक्रेटरीपुरतं न राहता सगळ्यांना कळलेलं बरं. सायन्सची मुलं थोडं ओळखीचं वाचतील, आर्ट्सच्या मुलांनी घाबरू नये. लागेल ते सगळं इथेच सांगतो.

पडद्यावर जे दिसतं ते आधी कुठेतरी आकड्यांच्या रूपात मांडलेलं असतं. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा आणि प्रत्येक ठिपक्याला रंगाचे ४ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ३१ लाख बाइट, म्हणजे ३ एमबीहून थोडं जास्त. हे चित्र मांडणं, हलवणं, पुसून पुन्हा मांडणं हे काम मुख्य प्रोसेसर करू शकतो, पण त्यात तो अडकून पडतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्या एकाच कामासाठी ठेवलेला वेगळा कारागीर. त्याची स्वतःची मेमरी असते आणि स्वतःची उष्णताही असते. ही उष्णतेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती सारखी येणार आहे.

मोठ्या कॅबिनेटमध्ये या कारागिराला हवी तेवढी जागा असते. छोट्या डब्यात तसं नसतं. तिथे प्रत्येक इंच आधीच वाटून दिलेला असतो, आणि नवा माणूस आला की कुणाला तरी सरकावं लागतं. १९८९ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश एसई/३० चं उदाहरण बघा. नऊ इंचांचा काळापांढरा पडदा आतच, ५१२ बाय ३४२ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. पण आतल्या रॉममध्ये रंगांचं ज्ञान होतं, आणि थेट प्रोसेसरला जोडलेला एक स्लॉटही होता. मायक्रॉन कंपनीचं एक्सीड नावाचं कार्ड त्या स्लॉटमध्ये बसवून आणि पडद्याच्या नळीशी एक छोटा जोड लावून त्याच आतल्या पडद्यावर करड्या रंगाच्या २५६ छटा दिसायच्या. डबा तोच आणि काचही तीच, पण फोटो फोटोसारखा दिसायला लागायचा. हे जमलं, कारण मशीनमध्ये त्याची सोय आधीपासून होती. कार्डाने फक्त दार उघडलं.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. छोट्या मशीनमध्ये कार्ड बदलताना जेवढ्या अडचणी येऊ शकतात, त्या जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर ॲपलचा पॉवर मॅक जी४ क्यूब घ्यावा. १९ जुलै २००० ला न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात तो जाहीर झाला आणि ३ जुलै २००१ ला त्याचं उत्पादन थांबवल्याचं कंपनीने सांगितलं. वर्षभराचंही आयुष्य नाही. साधारण आठ इंचांचा घन, तो पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणात उचलून धरलेला, प्रोसेसर ४५० किंवा ५०० मेगाहर्ट्झचा. दिसायला इतका देखणा की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात घेतला. किंमत १,७९९ डॉलरपासून पुढे, पडदा वेगळा घ्यायचा. लोकांनी बघितला, वाहवा केली, आणि विकत मात्र थोड्यांनीच घेतला.

क्यूबचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्यात पंखा नव्हता. मधोमध एक उभी पोकळी, खालून थंड हवा आत येणार, तापणार, हलकी होऊन वर चढणार आणि वरच्या जाळीतून बाहेर पडणार. चुलीवरच्या धुराड्याचंच तत्त्व. त्यामुळे मशीन जवळजवळ मुकं. रात्री शांत खोलीत कुणी लिहीत बसलं असेल तर हे सुख काय असतं ते वेगळं सांगायला नको.

या मशीनमध्ये मूळ कार्ड होतं एटीआयचं रेज १२८ प्रो, १६ एमबी मेमरीचं. एजीपी नावाच्या स्लॉटमध्ये, दुप्पट वेगाने चालणारं. त्या काळच्या साध्या पीसीआय स्लॉटमधून सेकंदाला १३३ एमबी जात, दुपटीच्या एजीपीतून ५३३ एमबी. २००० साली हे कार्ड वाईट नव्हतं. अडचण आली ऑगस्ट २००२ मध्ये, मॅक ओएस एक्सची १०.२ ही आवृत्ती आली तेव्हा. तिच्यात क्वार्ट्झ एक्स्ट्रीम नावाची सोय होती. तोपर्यंत पडद्यावरच्या खिडक्या, त्यांच्या सावल्या, पारदर्शकपणा हे सगळं मुख्य प्रोसेसर एकावर एक रचत बसायचा. क्वार्ट्झ एक्स्ट्रीममध्ये प्रत्येक खिडकी एक चित्र म्हणून ग्राफिक्स कार्डाकडे दिली जायची, आणि रचायचं काम कार्ड करायचं.

त्यासाठी अटी होत्या. दुपटीचा एजीपी हवा, तो क्यूबकडे होता. १६ एमबी मेमरी हवी, तीही होती. पण कार्ड मात्र जीफोर्स २ एमएक्स किंवा कुठलंही रेडिऑन, निदान त्या पिढीचं हवं. रेज १२८ त्यात बसत नव्हतं. कारण समजून घेण्यासारखं आहे. जुनी कार्डं चित्राची लांबी-रुंदी २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीच्या आकड्यांतच घ्यायची. खिडक्या कुठे अशा मापाच्या असतात? ७०० बाय ४३० ची खिडकी १०२४ बाय ५१२ च्या चौकटीत कोंबायची म्हटलं तर चाळीस टक्क्यांहून जास्त जागा वाया. नवी कार्डं कुठल्याही मापाचं चित्र घेत. म्हणजे अडचण वेगाची नव्हती. ते काम त्या कार्डाला करताच येत नव्हतं. कार्ड बदलायचं खरं कारण असं असावं लागतं.

मग क्यूबवाल्यांनी कार्ड शोधायला सुरुवात केली, आणि एकेक अडचण समोर यायला लागली.

पहिली अडचण मापाची. क्यूबच्या आतला गाभा हँडल धरून अख्खा बाहेर ओढता येतो, हे फार सुंदर काम आहे. पण त्यात कार्डाला जागा अगदी मोजून दिलेली. मोठ्या पॉवर मॅकमध्ये सहज बसणारी बरीच कार्डं इथे लांबीला जास्त व्हायची. कार्डाच्या टोकाला असलेली धातूची पट्टी, जिच्यातून मॉनिटरची सॉकेटं बाहेर डोकावतात, तीही क्यूबची वेगळी. त्यामुळे जुन्या कार्डाची पट्टी काढून नव्याला लावायची, आणि तिची भोकं नव्या सॉकेटांशी जुळली नाहीत तर कानस घेऊन बसायचं.

दुसरी विजेची. एजीपीच्या पहिल्या काळातली कार्डं ३.३ व्होल्टवर चालत, चौपटीची १.५ वर. चुकीचं कार्ड चुकीच्या ठिकाणी बसू नये म्हणून कार्डाच्या कडेला खाचा ठेवलेल्या असत. दोन्ही खाचा असलेलं कार्ड दोन्हीकडे चाले. खाच जुळत नसेल तर जोर लावून कार्ड बसवणारे महाभाग असतात. खाच ही सूचना आहे, तिच्याशी भांडू नये.

विजेचा आणखी एक पेच क्यूबच्याच घरचा होता. त्याचा पॉवर सप्लाय डब्याबाहेर, २०५ वॅटचा. त्यातली वीज नुसती मशीनला नव्हती. ॲपलने तेव्हा एडीसी नावाचं एक सॉकेट आणलं होतं. एकाच केबलमधून चित्र, यूएसबी आणि मॉनिटरची वीज, तिन्ही जायचं. ती वीज कार्डातून जायची, त्यासाठी स्लॉटच्या मागे जास्तीचा जोड होता. आता तुम्ही पीसीचं कार्ड घातलंत की एडीसी गेलं. एडीसी गेलं की तो सुंदर मॉनिटर अंधारात. मग वेगळ्या विजेवर चालणारा ॲडॅप्टर घ्या. एक वस्तू बदलली की शेजारची दुसरी हलते, तशातला प्रकार.

तिसरी अडचण मला सगळ्यात रंजक वाटते, कारण ती भाषेची आहे. कॉम्प्युटर सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्याआधीच पडदा चालू व्हावा लागतो. त्यासाठी कार्डावरच्या एका लहानशा चिपमध्ये, रॉममध्ये, थोडा मजकूर असतो: मी कोण, माझ्याकडे मेमरी किती, मला कसं जागं करायचं. पीसीच्या कार्डातला हा मजकूर इंटेल घराण्याच्या प्रोसेसरच्या भाषेत असतो. क्यूबचा प्रोसेसर पॉवरपीसी, आणि तो सुरू होतो ओपन फर्मवेअर नावाच्या वेगळ्याच पद्धतीने. म्हणजे चिप तीच आणि मेमरीही तीच, तरी कार्ड घातल्यावर पडदा काळाच. फक्त बाळबोध वाचता येणाऱ्याच्या हातात मोडीतला दस्तऐवज द्यावा तसं. दस्तऐवज खोटा नाही, वाचणारा अडाणी नाही, पण व्यवहार होत नाही.

यावर हौशी लोकांनी उपाय काढला तो रॉम पुन्हा लिहिण्याचा. मॅकच्या कार्डातला मजकूर घ्यायचा आणि पीसीच्या कार्डावर चढवायचा. यालाच फ्लॅश करणं म्हणतात. इथे पुन्हा एक गाठ. मॅकचा मजकूर बऱ्याचदा १२८ केबीचा, आणि स्वस्त पीसी कार्डांवरची चिप ६४ केबीची. मग कुणी ती चिपच उकरून काढून मोठी लावली, तर कुणी मजकूरच कापून ६४ केबीत बसवला. संक्षिप्त आवृत्ती काढताना संपादक जे करतो तेच: कुठलं प्रकरण गेलं तरी कथा चालेल, हे ओळखायचं. ही कामं करणारी माणसं कंपनीची नव्हती, पगारी नव्हती. चाळीस कार्डं जवळ असलेला एखादा, त्यातली सहा मारून सातवं चालवणारा, अशा लोकांच्या चिकाटीवर जुनी मशीनं जगली आहेत.

आणि शेवटची अडचण उष्णतेची. नवं कार्ड म्हणजे जास्त उष्णता, ती त्याच धुराड्यात. जास्त ताकदीच्या कार्डांवर स्वतःचा छोटा पंखा असायचा, आणि छोटा पंखा हा मोठ्यापेक्षा जास्त किरकिर करतो, कारण तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. क्यूबच्या तळाशी ८० मिलिमीटरचा पंखा बसवायची जागा होती. ती वापरून लोकांनी पंखे लावले, वर नवे प्रोसेसर घातले, मोठी कार्डं घातली. चाललं सगळं. पण मग जे मशीन मुकेपणासाठी घेतलं होतं ते गुणगुणायला लागलं.

माझं मत विचाराल तर क्यूबमध्ये ॲपलनेच नंतर पर्याय म्हणून दिलेलं, पंखा नसलेलं जीफोर्स २ एमएक्स किंवा पहिलं रेडिऑन, इथे थांबावं. क्वार्ट्झ एक्स्ट्रीम मिळतं, खिडक्या हलक्या होतात, एडीसीही राहतं. त्यापुढे जीफोर्स ६२०० सारखी कार्डं फ्लॅश करून घालतात आणि १०.४ मधल्या चित्रांच्या नव्या करामतीही मिळवतात. कौतुक आहेच. पण ४५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर शेजारी बसलेला असताना कार्ड कितीही तगडं असलं तरी ते बहुतेक वेळ वाट बघत उभं राहतं. वाढप्याचे हात कितीही झरझर चालोत, स्वयंपाकघरातून आमटी यायला हवी ना!

आता आपल्या खोलीत येऊ.

मंडळाच्या खोलीतलं मशीन क्यूब नाही. एका ऑफिसने बदललेल्यांपैकी आपल्याला मिळालेला, कोअर टू ड्युओच्या काळातला, आडवा, सडपातळ डबा आहे. भाषा दोघांचीही पीसीचीच, म्हणून मोडी-बाळबोधीचा पेच इथे तेवढा नाही. बाकीचे पेच मात्र तेच आहेत, नुसती नावं बदललेली.

माप इथे उंचीचं आहे. स्लॉट आता पीसीआय एक्सप्रेसचा. पण सडपातळ डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड जात नाही, लो प्रोफाइलच लागतं. अशा कार्डाची पाटी साधारण ६४ मिलिमीटर उंच असते, पूर्ण उंचीची शंभराच्या वर. दुकानात गेल्यावर "लो प्रोफाइल द्या" एवढंच म्हणून चालत नाही, कारण पाटी बुटकी असली तरी तिला लावलेली पट्टी लांब असू शकते. बुटकी पट्टी बॉक्समध्ये वेगळी मिळते. सेकंडहँड घेताना ती पट्टी नेमकी हरवलेली असते, आणि पट्टीशिवाय कार्ड स्लॉटमध्ये लोंबकळत राहतं, केबल ओढली की हलतं. पट्टी दाखवा, मग भाव बोला, हा माझा नियम आहे. शिवाय जाडी बघायची. काही कार्डांवरचा उष्णता काढणारा ठोकळा इतका जाड असतो की शेजारचा स्लॉट झाकतो, किंवा पंख्याचं तोंड एसएमपीएसच्या पत्र्याला जवळजवळ चिकटतं. पट्टी घेऊन मोजा. डोळ्याने मोजलेलं फसवतं.

वीज. मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळावेत असं मानक सांगतं. पण मानक एक आणि डब्यातला एसएमपीएस एक. अशा ऑफिसच्या सडपातळ मशीनमध्ये तो बहुतेक २४० वॅटच्या आसपासचा असतो, आकारही वेगळा, त्यामुळे बाजारातला साधा मोठा एसएमपीएस त्यात बसत नाही. त्या २४० मध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे सगळे आले, आणि वर दहा-पंधरा वर्षं चालून त्याचं वय झालेलं. म्हणून स्लॉटच्या मर्यादेपर्यंत जाणाऱ्या कार्डापेक्षा २०-३० वॅटवर भागवणारं कार्ड बरं. वेगळी वीजकेबल मागणारं कार्ड तर विसराच. ती केबल या एसएमपीएसला नसते, आणि डिस्कच्या केबलला जोड लावून ती बनवणं म्हणजे आकडा टाकून वीज घेण्यासारखं आहे.

भाषेचा पेच इथे हलक्या रूपात आहे. जुनी मशीनं बायोसने सुरू होतात, नवी युईएफआयने. नव्या मशीनमध्ये जुनी पद्धत बंद केलेली असेल आणि फार जुनं कार्ड घातलं तर सुरुवातीला पडदा काळा राहू शकतो. जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड घालताना बरीच कार्डं दोन्ही मजकूर बाळगतात, म्हणून चालतात. तरी दुकानदाराकडून "नाही चाललं तर परत" असं बिलावर लिहून घ्या. तोंडी नको.

हे सगळं झालं बसेल का याबद्दल. आता खरा प्रश्न: आपल्याला ते कशाला हवंय?

सेक्रेटरीने मला सांगितलं की मशीन "हँग होतं". हँग होतं म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय औषध देऊ नये. अंकाची पानं लावताना? मराठी मजकूर जुळवणं, ओळी मोडणं, फॉन्ट दाखवणं यात ग्राफिक्स कार्डाचा हात फारसा नसतो. तिथे मेमरी आणि डिस्क बघायची. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी लावली आणि मेमरी वाढवली, तर मशीन वेगळंच वाटायला लागतं. ते आधी करायचं, आणि ते झालंही आहे. उरलं काय? एकांकिकांची रेकॉर्डिंग प्रोजेक्टरवर दाखवताना आणि यूट्यूबवरची जुनी भाषणं ऐकताना चित्र अडखळतं. आवाज पुढे, ओठ मागे. हे मात्र ग्राफिक्सचं काम आहे.

यातलं गणित करून बघा. पूर्ण एचडी चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं. व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याला सरासरी दीड बाइट लागतो. म्हणजे एका चित्राला सुमारे ३१ लाख बाइट, आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर सेकंदाला जवळजवळ ९३ एमबी. इंटरनेटवरून एवढं येत नाही, फार थोडं येतं, घडी घालून. ती घडी उलगडायचं काम कुणी करायचं हा प्रश्न आहे. घड्या घालायच्या पद्धती वेगवेगळ्या: एच.२६४ ही जुनी आणि सगळीकडे चालणारी, व्हीपी९ ही नंतरची, एव्ही१ त्याहून नवी. कार्डाच्या आत एकेका घडीसाठी खास उलगडणारं यंत्र असतं. ते असेल तर मुख्य प्रोसेसर निवांत. नसेल तर सगळी घडी प्रोसेसरच्या गळ्यात, आणि कोअर टू ड्युओच्या गळ्यात व्हीपी९ पडली की तो घामाघूम होतो.

म्हणून नुसतं "व्हिडिओ चालतो का" हे विचारणं अपुरं. कुठली घडी, ते बघा. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करा, खाली स्टॅट्स फॉर नर्ड्स असं दिसेल. उघडलेल्या चौकटीत कोडेक या ओळीत एव्हीसी१ लिहिलं असेल तर ती एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, एव्ही०१ म्हणजे एव्ही१. त्याच चौकटीत किती चित्रं गाळली गेली तो आकडाही वाढताना दिसतो. हे आज घरी करून बघा. पाच मिनिटांत तुमच्या मशीनबद्दल दुकानदारापेक्षा जास्त कळेल.

आणि कार्ड घेण्याआधी एक फुकटचा उपाय. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकता येतं. ते यूट्यूबला सांगतं, मला फक्त जुन्या घडीतलं पाठव. १०८० पर्यंत ती मिळते. आपल्या मशीनवर हे केल्यावर ७२० चं चित्र नीट चाललं, १०८० वर गळती राहिली. म्हणजे पंचाण्णव टक्के भाषणं ऐकायला पैसे लागत नाहीत. प्रोजेक्टरवर एकांकिका पूर्ण एचडीत दाखवायची, तेवढ्यापुरतं कार्ड.

आता नावं. बाजारात लो प्रोफाइलमध्ये एन्व्हिडियाचं जीटी ७१० सगळ्यात सहज मिळतं. १९ वॅट, पंखा नसलेलंही येतं. एच.२६४ उत्तम उलगडतं, व्हीपी९ नाही. शिवाय ते केप्लर पिढीतलं, त्या पिढीसाठी कंपनीच्या ड्रायव्हरची ४७० ही शेवटची शाखा. लिनक्सवर मोकळा नूव्हो ड्रायव्हर आहे, त्यावर साधं काम भागतं. दुसरं जीटी १०३०. ३० वॅट, व्हीपी९ उलगडतं, एव्ही१ नाही. स्लॉट मोठा असला तरी हे कार्ड त्यातल्या चारच वाटा वापरतं, आणि घडी घातलेला व्हिडिओ आत न्यायला त्या पुरून उरतात.

या जीटी १०३० मध्ये एक सापळा आहे. एकाच नावाची दोन कार्डं आहेत. आधीचं जीडीडीआर५ मेमरीचं, सेकंदाला ४८ जीबी वाहून नेणारं. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं आलं, ते १६.८ जीबी नेणारं, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. बॉक्सवर नाव तेच, मेमरी दोन जीबी तीच. गेम खेळणाऱ्याला हा फरक भोवतो. व्हिडिओ उलगडणारं यंत्र दोन्हीत आहे, म्हणून आपल्या कामाला डीडीआर४ चं चालेल. पण मग भाव डीडीआर४ चा द्यायचा, जीडीडीआर५ चा नाही. बॉक्सवर मेमरीचा प्रकार बारीक अक्षरात असतो, तो वाचा. दोन जीबी की चार जीबी याने आपल्याला काही फरक पडत नाही. जास्त जीबी म्हणजे जास्त ताकद, हे दुकानातलं गणित आहे.

तर माझा सल्ला मी कमिटीला लिहून दिला आहे: मशीन ठेवावं, जीटी १०३० चं बुटक्या पट्टीचं डीडीआर४ कार्ड सेकंडहँड मिळालं तर घ्यावं, नवं घ्यायची वेळ आली तर घेऊ नये. नव्या कार्डाच्या पैशात या मशीनपेक्षा बऱ्याच पिढ्या पुढचा वापरलेला डबा शोधता येतो, आणि व्हीपी९ उलगडणारं यंत्र त्याच्या प्रोसेसरमध्येच असू शकतं. ते यंत्र आहे का, हे घेण्याआधी प्रोसेसरच्या पूर्ण नंबरावरून तपासायचं. "आय फाइव्ह आहे" एवढं ऐकून पैसे मोजायचे नाहीत, कारण आय फाइव्ह नावाचे प्रोसेसर एका दशकाहून जास्त काळ येताहेत.

कार्ड आणलं तर बसवायचं कसं, तेही सांगतो, कारण हे काम मुलामुलींनी स्वतः करावं अशी माझी इच्छा आहे. मशीन बंद करून भिंतीतला प्लग काढा. मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. कार्ड कडांना धरा, सोनेरी दातांना बोट नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते दात काळवंडतात, सेकंडहँड कार्डाचे तर नक्कीच. मऊ खोडरबर हळूच फिरवला तर स्वच्छ होतात, पण कचरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. कार्ड सरळ खाली दाबा, टोकाची खिट्टी टक् करून बसली पाहिजे. पट्टीचा स्क्रू लावा.

मग मॉनिटरची केबल कार्डाच्या सॉकेटला लावा. हे मुद्दाम लिहितोय, कारण केबल जुन्याच सॉकेटला ठेवून "कार्ड डेड आहे" म्हणणारे दर वर्षी भेटतात. आपला जुना प्रोजेक्टर व्हीजीए मागतो आणि नव्या कार्डांवर ते सॉकेट बहुतेक नसतंच, तेव्हा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पहिले दोन तास डबा उघडा न ठेवता बंद करून चालवा आणि व्हिडिओ लावून ठेवा. उघड्या डब्यात सगळंच थंड राहतं, खरी परीक्षा झाकण लावल्यावर होते. हात लावून वरचा पत्रा बघा, कोमट ठीक, चटका नको. काढलेली लांब पट्टी आणि उरलेले दोन स्क्रू एका पाकिटात घालून, वर तारीख आणि कार्डाचं नाव लिहून, ते पाकीट खोलीच्या कपाटात वरच्या खणात ठेवा. पुढच्या वर्षीचा सेक्रेटरी ते शोधणारच आहे.